अनुक्रमांक चारशे सतरा

मित्रांनो, मी एक जुनी मतदार यादी आहे. तुम्ही मला कधी हातात घेतले असेल असे वाटत नाही. मोठी माणसेसुद्धा मला चार-पाच वर्षांतून एकदा बघतात, तेही स्वतःचे नाव सापडेपर्यंत. नाव सापडले की पान मिटले. ज्याला त्याला आपले नाव प्यारे असते, त्याचा मला राग नाही. मला दुःख आहे ते दुसऱ्याच एका नावाचे. ते इतकी वर्षे माझ्या पोटात आहे आणि आता मला ते सोसवत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म १९८९ सालचा. त्या वर्षी मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले आणि घरोघर जाऊन नवी नावे लिहायचे काम निघाले. बदलापूरच्या आमच्या भागात ते काम शिवराम रोकडे गुरुजींकडे आले. गुरुजी बेलवलीत राहायचे आणि प्राथमिक शाळेत शिकवायचे. त्यांचे अक्षर असे, की फळ्यावर त्यांनी लिहिलेला सुविचार पुसायला मुलांना जिवावर यायचे. उन्हातान्हात फिरून त्यांनी एकेक नाव लिहिले. खरवईच्या पलीकडे, ओढ्याच्या दोन्ही काठांवर कातकऱ्यांची उंबरवाडी होती. तिथे तोवर नावे लिहायला कुणी फिरकले नव्हते. गुरुजी गेले.

वाडीत कुणालाच आपले वय माहीत नव्हते. एका झोपडीपुढे एक काळीसावळी, उंच बाई लाकडे फोडत होती. गुरुजींनी तिला वय विचारले.

"मना काय ठावं," ती म्हणाली. "बारवीचा धरान बांधत व्हते तवा मी पाटी उचलायची."

गुरुजींनी बोटांवर हिशेब केला आणि चौतीस लिहिले. तिचे नाव भिकी. नवऱ्याचे नाव विचारल्यावर ती पदर तोंडाला लावून नुसतीच हसली. मग आतून तो स्वतःच ओरडला, "चांगो लिवा, चांगो हिलम."

"नाव लिवून कुठं नेतां?" भिकीने विचारले.

"दिल्लीपर्यंत जातं ते," गुरुजी म्हणाले.

"मंग नीट लिवा. मधीच कुठं सांडाल."

गुरुजी मनापासून हसले आणि त्यांनी तिचे नाव खरोखर फार जपून लिहिले. अनुक्रमांक चारशे सतरा, भिकी चांगो हिलम, स्त्री, वय चौतीस.

मला छापले उल्हासनगरात, लोकूमल नावाच्या सिंधी गृहस्थाच्या छापखान्यात. लग्नपत्रिका आणि दुकानांची लेबले छापणारा माणूस तो. गुरुजी स्वतः मुद्रिते तपासायला यायचे आणि एकेका वेलांटीसाठी अडून बसायचे. लोकूमल त्यांना चहा द्यायचा आणि म्हणायचा, "साईं, शादी के कार्ड में एक नाम गलत हो जाए तो लोग मारने को आते हैं. इधर इतने सारे नाम हैं, आपके सिवा कोई देखने को भी नहीं आया." तेव्हा मला याचे काही वाटले नाही. नव्या शाईच्या वासात मी आपल्याच तोऱ्यात होते.

माझ्या बऱ्याच प्रती निघाल्या. काही वेगवेगळ्या पक्षांच्या कचेऱ्यांत गेल्या. मी मात्र सरकारी प्रत. माझ्या शब्दावर सगळे चालायचे, म्हणून मी जरा जास्तच ताठ होते हे कबूल करते.

पहिल्या मतदानाच्या दिवशी मी शाळेतल्या टेबलावर होते. मित्रांनो, तुम्हाला एक गंमत सांगते. मत द्यायला माणूस आले की यादीत त्याच्या नावाखाली लाल रेघ ओढतात. बाई असली तर रेघ ओढून शेजारी बरोबरची खूणही करतात. आणि माणूस वारले असेल तर रेघ नावाखाली नाही, नावावरून ओढतात आणि पुढे लिहितात, मयत. शाई तीच आणि रेघही तेवढीच लांब.

उंबरवाडीच्या बाया त्या दिवशी डोक्याला तेल लावून, घोळक्याने आल्या. भिकी सर्वांत पुढे होती. तिला मत देण्याआधी आपले नाव बघायचे होते. टेबलावरचे साहेब कुरकुरले, पण तिथे गुरुजींची ड्युटी होती. त्यांनी मला तिच्याकडे वळवून चारशे सतरावर बोट ठेवले. तिला वाचता येत नव्हते. तिने गुरुजींच्या बोटाशेजारी आपले बोट टेकवले आणि थोडा वेळ तसेच ठेवले. तिचे बोट खरखरीत होते. त्या दिवशी माझ्या अंगावर कितीतरी बोटे फिरली, पण मला ते एकच आठवते. पुढे तपासणीला आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्यांनी मला चाळून, "यादी म्हणजे अशी हवी," असे म्हटले. गुरुजी लाजले. मी काही लाजले नाही.

नंतर मी कचेरीच्या कपाटात होते. चार वर्षांनी यादी दुरुस्त करायची वेळ आली, तेव्हा गुरुजींनी मला पुन्हा कापडी पिशवीत घातले आणि आम्ही घरोघर निघालो. पौष महिना होता. वाडीत शुकशुकाट होता. दिवाळी झाली की वाडीतली माणसे बिऱ्हाड उचलून वीटभट्ट्यांवर जातात आणि वैशाखात परततात, हे गुरुजींना चांगले माहीत होते. ज्या झोपड्यांना ताट्या बांधलेल्या होत्या, तिथे ते पेन्सिलीने 'भट्टीवर' असे लिहून पुढे जात होते. भिकीच्या झोपडीची ताटी मात्र उघडी होती. दारात चांगो एकटाच बसला होता. त्याचा पाय सुजून भोपळ्याएवढा झाला होता, म्हणून तो मागे राहिला होता. आणि त्याचे डोके भादरलेले होते. वांगणीला त्याचा भाऊ आठ दिवसांपूर्वी वारला होता. पण ते गुरुजींना कुठून कळणार?

"भिकीबाई कुठं आहेत?" गुरुजींनी विचारले.

"गेली," चांगो म्हणाला.

गुरुजींनी त्याच्या डोक्याकडे पाहिले. त्यांचा आवाज खाली आला. "कधी?"

"दिवाली झाली नं गेली."

आपल्या मराठीत कामाला गेलेली बाई 'गेली' आणि जगातून गेलेली बाईही 'गेली'. गुरुजींनी आणखी एकच प्रश्न विचारला असता, कुठे गेली, एवढाच, तर सगळे उलगडले असते. पण दुःखात बसलेल्या माणसाला असले खोदून विचारत नाहीत, असे त्यांचे वळण होते. चांगल्या माणसाचे वळण. त्यांनी हात जोडले. मास्तर निघाले असे समजून चांगोनेही हात जोडले.

जांभळीच्या झाडाखाली बसून गुरुजींनी मला मांडीवर उघडले. लाल पेन काढले, पट्टी ठेवली आणि चारशे सतराच्या नावावरून सरळ रेघ ओढली. पुढे लिहिले, 'मयत'. त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही वाईट वाटले, कारण मलाही ते खरेच वाटले. माझ्या सगळ्या पानांत इतक्या सुरेख अक्षरात लिहिलेला दुसरा शब्द नाही.

वैशाखात भिकी धडधाकट परत आली. आपण वारलो आहोत हे तिला कुणी सांगितले नाही, कारण कुणाला ठाऊकच नव्हते. वगळलेल्या नावांचा एक पुरवणी कागद निघाला होता. तो पक्षांकडे गेलेल्या प्रतींना डकवायचा होता, पण कोण डकवत बसतो? माझ्या सगळ्या भावंडांत भिकी जिवंत राहिली. ती वारली होती फक्त माझ्यात, आणि शब्द चालायचा तो माझा.

मग आला वॉर्डांच्या फेररचनेचा काळ. बदलापूर आता गाव राहिले नव्हते. भाताच्या खाचरांत चार-चार मजली इमारती उठत होत्या. कचेरीत मोठा नकाशा पसरून साहेब लोक पेन्सिलीने हद्दी आखायचे, खोडायचे, पुन्हा आखायचे. पूर्वी वॉर्डाची हद्द ओढ्यावरून जायची. त्यामुळे उंबरवाडी मधोमध चिरली गेली होती, अर्ध्या झोपड्या इकडे आणि अर्ध्या तिकडे. दोन्हीकडे त्यांची मते इतकी थोडी, की कुणी उमेदवार वाडीत पायही ठेवत नसे. नव्या नकाशात अख्खी वाडी एका वॉर्डात आली. शिवाय तो वॉर्ड आदिवासी स्त्रीसाठी राखीव झाला.

वाडीसाठी ही केवढी गोष्ट होती ते सांगते. वाडीतल्या एकाही झोपडीखालची जमीन कुणाच्या नावावर नव्हती. शंभर वर्षे राहून त्यांच्याकडे कागदाचा चिटोरा नव्हता. आणि एका नव्या वसाहतीचा रस्ता नेमका वाडीवरून न्यायचे घाटत होते. जागा वाडीच्या नावावर करावी असा ठराव नगरपालिकेत मांडायला वाडीचे कुणीतरी आत असायला हवे होते.

बौद्ध वस्तीत राहणारे आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात काम करणारे भीमराव म्हणून एक कार्यकर्ते होते. वॉर्डाचे गणित त्यांच्याइतके कुणाला जमत नसे. पक्षाच्या कचेरीतली माझी जुळी बहीण त्यांच्या पिशवीत असायची. पुढे ती रद्दीच्या वाटेवर माझ्या शेजारी येऊन पडली, तेव्हा तिने मला सारे सांगितले. नव्या आलेल्या नावांची भर घालून भीमरावांनी तिची पाने रंगीत पेन्सिलींनी भरून टाकली होती. एकूण मतदार सतराशे चाळीस. नव्या इमारतींतले सहाशे, त्यात उल्हासनगरहून घर बदलून आलेली सिंधी कुटुंबे, डोंबिवलीत जागा न परवडलेले नोकरदार, सगळे. गावातले आगरी चारशे वीस. बौद्ध वस्तीतले साडेतीनशे. कारखान्यांत कामाला आलेले परप्रांतीय एकशे बासष्ट. आणि उंबरवाडीचे दोनशे आठ.

वाडीने भिकीला उभे करायचे ठरवले. रेशनच्या दुकानात तीच भांडायची, मुकादमाशी तीच बोलायची. तिचा मात्र धीर होत नव्हता.

"मना तिथं बोलाय येल काय?" तिने भीमरावांना विचारले.

"एकच वाक्य बोलायचंय, ताई. वाडीची जागा वाडीच्या नावावर करा. बाकी आम्ही बघतो."

"नं मतां कोन देल?"

भीमरावांनी माझी बहीण मांडीवर उघडली. "हे बघा, बिल्डिंगवाले सहाशे, पण मतदानाला खाली उतरतात दोनशे. सुट्टी मिळाली की झोपा काढतात. गावातली मतं फुटणार, तिथे दोन भावांत बोलाचाली नाही. आपली वस्ती आणि तुमची वाडी मिळून साडेपाचशेच्या वर, आणि ही मतं उन्हात तास तास उभी राहतात. ताई, तुम्ही लिहून घ्या, तुम्ही येता."

"मी काय लिवून घेऊ," भिकी म्हणाली, "तुमीच लिवा."

भीमरावांनी अर्ज लिहिला. यादीतला क्रमांक माझ्या बहिणीतून उतरवला, चारशे सतरा. तिथे भिकीच्या नावावर ओरखडाही नव्हता.

छाननीचा दिवस मी जन्मात विसरणार नाही. दोनच अर्ज होते. एक भिकीचा आणि दुसरा मोतीबाईचा. मोतीबाई शेजारच्या वॉर्डातल्या आदिवासी ठाकरांच्या पाड्यातली, एका मोठ्या जमीनवाल्याच्या घरी धुणीभांडी करणारी गरीब बाई. त्या घरच्यांनी जिथे सांगितला तिथे तिने अंगठा उठवला होता. कचेरीत ती भिकीशेजारीच बसली होती आणि दोघी पोराबाळांचे बोलत होत्या. भिकीने नवे हिरवे लुगडे नेसले होते.

साहेबांनी मला उघडले. पाने उलटली. चारशे सतरावर त्यांचे बोट थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"हे नाव वगळलंय," ते म्हणाले. "मयत आहे."

"साहेब, बाई समोर उभी आहे," भीमराव म्हणाले.

"मला दिसतंय हो. पण मला यादीप्रमाणेच जावं लागतं."

भीमरावांनी पिशवीतून माझी बहीण काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी ती पाहिली, हरकतीची मुदत संपल्याचा नियम दाखवला आणि सांगितले की सरकारी प्रतीत आहे तेच खरे. म्हणजे मी. मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा फुटली असती तर मी ओरडून सांगितले असते, की मी खोटी आहे, माझ्या बहिणीचे ऐका. पण कागदाला तोंड नसते.

"काय बोलतात?" भिकीने विचारले.

भीमराव खाली बघत म्हणाले, "यादीत तुम्ही वारलात असं लिहिलंय, ताई."

भिकी आधी हसली. थट्टा असेल असे तिला वाटले. मग तिने सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले.

"मी जिती हाय नं," ती साहेबांना म्हणाली. "आता लिवा तसा."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी तिला पाणी दिले. नवा अर्ज केला तर पुढच्या यादीत नाव येईल, असे समजावले. पण या निवडणुकीला ती उमेदवार होऊ शकत नव्हती. मोतीबाई बिनविरोध आली. तिलाच ते कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर ती भिकीचा हात धरून रडू लागली.

उमेदवार एकच उरल्यामुळे आमच्या वॉर्डात मतदान झाले नाही. बाकीचे सारे गाव त्या दिवशी रांगेत होते आणि मी कपाटात पडून होते. भीमरावांचे गणित एका माणसानेही चुकवले नसते. सतराशे चाळीस माणसांचे मत एका ओळीने गिळले आणि ती ओळ माझी होती.

चार दिवसांनी शिवराम गुरुजी भिकीला घेऊन कचेरीत आले. त्यांनी मला मागून घेतले. चारशे सतरा काढले आणि आपले अक्षर पाहिले. मग खुर्चीवरून उठून तिच्यापुढे उभे राहिले.

"भिकीबाई, हे मी लिहिलं. चांगो 'गेली' म्हणाला आणि त्याचं डोकं भादरलेलं. मी पुढे विचारलंच नाही."

गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायचेही त्यांना सुचत नव्हते.

"इचारला अस्ता तर बोलला अस्ता तो," भिकी म्हणाली. "भट्टीवं गेली म्हनून." आणि पुढे म्हणाली, "पन तुमी आला तरी व्हता, गुरुजी. दुसरा कोन येतो आमच्याकडं?"

हे ऐकून गुरुजी जास्तच रडले. मलाही वाटले, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

गुरुजींनी तिचा नवा अर्ज स्वतः लिहिला. पत्त्याच्या रकान्यात उंबरवाडी लिहिले. अर्जाची चौकशी व्हायला पावसाळा उलटला. तोवर रस्त्याचा ठराव मंजूर झाला होता. मोतीबाईने विरोध केला नाही, तिला सभेत काय चालले आहे ते समजतच नव्हते. दिवाळीनंतर वाडीतली माणसे नेहमीप्रमाणे भट्ट्यांवर गेली आणि रिकाम्या झोपड्या पाडणे सोपे झाले. चौकशीला गेलेला माणूस परत आला आणि त्याने भिकीच्या अर्जावर शेरा मारला, की दिलेल्या पत्त्यावर वस्ती आढळत नाही. अर्ज निकालात निघाला.

वैशाखात वाडीकर आले असतील तेव्हा त्यांनी काय पाहिले असेल, याचा विचार मी करते आणि मग तो सोडून देते. कुणी म्हणतात काही घरे वांगणीकडे गेली, काही डोंगरात वर. गुरुजी रविवारी भट्ट्याभट्ट्यांवर तिला शोधत फिरायचे. त्यांना ती भेटली का, मला कळले नाही. पुढे ते निवृत्त झाले आणि त्यांचे कचेरीत येणे थांबले. भिकी आज आहे की नाही हेही मला माहीत नाही. नंतर छापलेल्या कुठल्याही यादीत तिचे नाव आले नाही. मी नव्या याद्यांना विचारत असते.

आता माझी पाने पिवळी पडली आहेत. कोपरे वाळवीने खाल्ले आहेत. कचेरी नव्या इमारतीत जायची आहे आणि आम्हा जुन्या याद्यांचे गठ्ठे बांधून ठेवले आहेत. मला लगद्यात जायची भीती नाही, कागदाचे ते होणारच.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले कुणी शिक्षक होतील, कुणी कारकून, कुणी साहेब. तुमच्याही हातात पेन येईल आणि समोर दुसऱ्याचे नाव असेल. तेव्हा संकोच करू नका, पुन्हा एकदा विचारा. माणूस रागावले तरी चालेल. हवे तर बाजूच्या घरात जाऊन विचारा. माझे गुरुजी फार भले होते, आणि तरी हे घडले, म्हणून तुम्हाला इतके विनवते.

आणि एक मागणे माझ्यासाठी. गठ्ठा उचलला जाण्याआधी कुणाला वेळ झाला तर मला उघडा आणि चारशे सतरावर या. लाल रेघेखालचे नाव अजून वाचता येते. त्याच्या पुढे, तुमच्या कसल्याही अक्षरात, एवढेच लिहा की छाननीच्या दिवशी ही बाई जिवंत होती आणि आपल्या पायांनी चालत कचेरीत आली होती.